सासूबाई खुडूक बसल्या

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, अशी ग्रंथपाल स्वतःची समजूत घालत. पण ते काही खरं नव्हतं. राहून जातं ते छत्री दुरुस्तीला टाकायचं, नाहीतर दिव्याचं बटण बदलायचं. हे पत्र रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी उघडलं जाई, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं जाई आणि परत पाकिटात जाई. घड्यांवर कागद इतका विरला होता की तो उलगडताना ते श्वास रोखून धरत.

पत्र लहानच होतं. ताईने उभी हयात इस्पितळात परिचारिका म्हणून काढली होती. तिचं लिहिणंही इंजेक्शन दिल्यासारखं, मोजकं आणि थेट.

"मुक्या," तिने लिहिलं होतं, "माझ्या घरमालकाला हे घर पाडायचं आहे. या वयात नवी जागा शोधत फिरायचा मला कंटाळा आला आहे. तुझ्याकडे येऊन राहू का? चार दिवसांसाठी नव्हे, कायमची. सावत्र मुलगा 'या' म्हणतो आहे, त्याची बायकोही भली आहे, पण तिथे मी जन्मभर पाहुणी राहीन. तुझ्याकडे निदान भांडता तरी येईल. नाही म्हणालास तर राग धरणार नाही. पण काहीतरी म्हण. महिनाअखेरीपर्यंत उत्तर आलं नाही तर ते 'नाही' आहे असं मी समजेन."

मुक्या हे ग्रंथपालांचं लहानपणापासूनचं नाव. ताईशिवाय त्या नावाने हाक मारणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं. आणि फोन करायची सोय नव्हती, कारण ताईला फोनवर धड ऐकू येत नसे आणि ग्रंथपालांना फोनवर धड बोलता येत नसे. दोघं भावंडं पत्रावरच जगत आली होती.

त्यांना 'नाही' म्हणायचं नव्हतं. तसं असतं तर एव्हाना लिहूनही झालं असतं. 'हो' म्हणायचं तर मागची खोली द्यायला हवी होती, आणि मागची खोली बायकोची होती. ती जाऊन वर्ष उलटलं तरी शिवणयंत्रावर अर्धवट उसवलेली उशीची खोळ तशीच होती. कपाटात तिचे कपडे होते. शिवाय ताई आली की तिला सगळं दिसणार होतं: भाऊ उभ्या-उभ्या पाव खातो, दिवसेंदिवस कुणाशी बोलत नाही, दारावर कुणी आलं तर आतल्या खोलीत चोरासारखा बसून राहतो. वाचनालयात आयुष्यभर हळू बोलायची नोकरी केली. निवृत्त झाल्यावर आवाज आतल्या आतच मुरून गेला होता.

तरी त्यांनी उत्तरं लिहिली होती. वाचनालयातून आणलेल्या जुन्या सूचीपत्रांच्या कोऱ्या पाठीवर एकेक मसुदा उतरत होता. एक फार कोरडा वाटला. एक फार गळेपडू. एकात त्यांनी ताईच्या गुडघ्यांची इतकी चौकशी केली की मूळ प्रश्नाला जागाच उरली नाही. सगळे मसुदे त्यांनी फाडले, आणि आपल्याला साधं एक पत्र लिहिता येत नाही, मग एवढी पुस्तकं वाचून काय दिवे लावले, असं स्वतःला विचारलं.

असा महिना सरत आला असताना सासूबाईंची तब्येत बिघडली.

सासूबाई म्हणजे कोंबडी. मागच्या अंगणात चार कोंबड्या होत्या, चारही बायकोच्या. पांढरी, ठिपकी आणि लंगडी ही नावं डोळ्यांना दिसेल तशी पडली. चौथी मात्र अंगाने भारदस्त, राखी रंगाची, कंबर हलवत चालणारी आणि दाणे टाकले की आधी दाण्यांकडे, मग टाकणाऱ्याकडे नापसंतीने बघणारी. "अगदी तुमच्या आईसारखी बघते," असं बायको म्हणाली आणि नाव कायमचं चिकटलं. बायको गेल्यावर ग्रंथपाल कोंबड्यांना दाणापाणी देत, संध्याकाळी खुराड्याचं दार लावत, पण त्यांची फारशी ओळख झाली नव्हती. कोंबड्यांशी काय बोलायचं हेही त्यांना सुचत नसे.

त्या सकाळी तिघी बाहेर आल्या, सासूबाई आल्या नाहीत. ग्रंथपालांनी वाकून पाहिलं. अंडी घालायच्या खोक्यात, पेंढ्यावर ती चपटी होऊन बसली होती, कुणी वरून दाबल्यासारखी. पिसं फुललेली, डोळे एका ठिकाणी लागलेले. त्यांनी हात पुढे केला तशी तिच्या गळ्यातून कोंबडीचा म्हणता येणार नाही असा घुरघुराट निघाला आणि मनगटावर चोच बसली. दुपारी तेच. संध्याकाळी तिघी दांडीवर चढून एकमेकींना खेटून बसल्या, ही खोक्यातच.

हीसुद्धा चालली, असं ग्रंथपालांच्या मनात आलं आणि त्या 'सुद्धा'ची त्यांना स्वतःलाच भीती वाटली.

घाबरलेला माणूस वैद्याकडे धावतो. ग्रंथपाल कपाटाकडे गेले. कोंबडीपालनावरचं एक जाडजूड पुस्तक बायकोने जुन्या बाजारातून आणलं होतं. त्यांनी अनुक्रमणिका काढली, 'रोग व उपचार' या प्रकरणावर बोट ठेवलं आणि तिथून वाचायला सुरुवात केली. सुस्ती: होती. पिसं फुलवून बसणं: होतं. भूक मंदावणं: होतं. बाहेर न येणं, स्वभाव चिडका होणं: होतं. प्रकरण संपेपर्यंत सासूबाईंना पुस्तकातले बहुतेक सगळे रोग जडले होते आणि त्यातले दोन-तीन आपल्यालाही असावेत असं ग्रंथपालांना वाटू लागलं होतं.

मग शुश्रूषा सुरू झाली. गारवा लागू नये म्हणून खोक्यावर त्यांनी पोतं टाकलं. अंधार बरा वाटेल म्हणून चारही बाजूंच्या फटी बुजवल्या. तिच्याभोवती नवा पेंढा खोचून मऊ, जाड गादी केली. दाणे वाटीत घालून थेट तिच्या चोचीपाशी धरले, पाणी चमच्याने पाजायला गेले आणि हातावर आणखी दोन टोचे खाऊन आले. सासूबाई या सगळ्या सरबराईत आणखी खोल रुतून बसल्या. दिवसातून एकदा, भलत्याच घाईने बाहेर येत, चार दाणे टिपत, पाण्यात चोच बुडवत, अंगणाच्या कोपऱ्यात एक मोठा, नाक धरावं असा ढीग टाकत आणि कुणीतरी जागा बळकावील अशा धास्तीने पळत परत जात. ग्रंथपालांनी 'पचनसंस्थेचे विकार' पुन्हा वाचले.

शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. घर आणि दवाखाना एकच. त्यांच्या यंत्राची घूं-घूं भिंतीपलीकडून दिवसभर ऐकू येई. बाई पन्नाशीच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी दातांकडे बघायची त्यांना खोड होती, त्यामुळे ग्रंथपाल त्यांच्यापुढे तोंड शक्य तितकं मिटूनच ठेवत. त्या दिवशी बाई भिंतीपलीकडच्या स्टुलावर चढल्या.

"काका! अंडी द्यायची बंद केलीत ती का? माझं काही चुकलं का?"

ग्रंथपाल पोत्याची चौथी बाजू नीट करत होते. ते दचकले.

"नाही नाही. एक आजारी आहे."

"कोण?"

"सासूबाई."

"तुमच्या सासूबाई अजून...?"

"कोंबडी," ग्रंथपाल घाईने म्हणाले. "नाव आहे ते. कोंबडीचं."

"अहो काका, जीव गोळा झाला की माझा! काय होतंय तिला?"

इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं म्हणून असेल, ग्रंथपालांनी सगळी लक्षणं प्रकरणातल्या क्रमानेच सांगून टाकली. बाई ऐकत गेल्या आणि त्यांच्या तोंडावर हसू पसरत गेलं.

"काका, ती खुडूक बसलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! अंडी उबवायला बसलीय. पिल्लं हवीत तिला."

"पण अंगणात कोंबडा नाही."

"ते तिला कुठं माहीत आहे!" बाई खो-खो हसल्या. "आणि तुम्ही वरून पांघरूण घातलंत, अंधार केलात, गादी घातलीत, हातात जेवण दिलंत. बाळंतिणीची बडदास्त ठेवलीत की हो. ती कशाला उठतेय?"

ग्रंथपालांचे कान तापले. कोंबडा नाही म्हणून पैदाशीचं प्रकरण त्यांनी उघडलंच नव्हतं. नको असलेलं पान ओलांडून पुढे जायचं आणि मग त्याच पानासाठी जग धुंडाळायचं, ही त्यांची जुनीच रीत.

"आमची आजी गार पाण्यात बुचकळून काढायची खुडूक कोंबडीला," बाई म्हणाल्या. "पोट गार पडलं की उतरते म्हणे खुमखुमी. करून बघा. आणि काका, वरची डावी दाढ दाखवून जा एकदा. मघाशी दिसली."

ग्रंथपालांनी रात्रीची वाट न पाहता त्याच दुपारी ते प्रकरण वाचलं. सगळं तिथे होतं. आणि ज्या पानावर ते होतं, त्या पानाचा कोपरा बायकोने दुमडून ठेवलेला होता. गार पाण्याबद्दल पुस्तक म्हणत होतं की त्याने कोंबडी फक्त घाबरते. खोक्यातून उठवावं, अंडी लगेच काढून घ्यावीत, खोका बंद करावा. तेवढ्याने भागलं नाही तर जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, पेंढ्याशिवाय, दाणापाणी देऊन ठेवावं, म्हणजे पोटाला खालून हवा लागते. ममता करू नये, असंही एक वाक्य होतं. लेखकाने ते अधोरेखित केलं होतं.

पोतं काढून ते खोक्यापाशी बसले. हाताला फडकं गुंडाळलं आणि सासूबाईंना दोन्ही पंखांवरून धरून उचललं. चोच, नखं, घुरघुर, सगळं झालं. पोटाखाली हात गेला तेव्हा ते थबकले. छातीची पिसं तिने स्वतःच उपटून टाकली होती. उघडी कातडी तापल्या इस्त्रीसारखी लागत होती. आणि जिथे ती बसली होती तिथे, पेंढ्याच्या खळग्यात, एकच पांढरं अंडं होतं.

ते अंडं नव्हतं. ती चिनीमातीची मूठ होती, मागच्या खोलीतल्या कपाटाची.

ग्रंथपाल बघत राहिले. कित्येक वर्षांपूर्वी ती मूठ कपाटावरून नाहीशी झाली होती. त्यांनी बायकोला विचारलंही होतं, "मूठ कुठे गेली गं?" आणि ती भाजी चिरता चिरता म्हणाली होती, "कामाला लावलीय." त्यावर "कुठल्या?" असं विचारायला हवं होतं. पण ते पुस्तक वाचत होते, आणि दार चमच्याच्या दांड्याने उघडता येत होतं. नवख्या कोंबड्यांना अंडं कुठे घालायचं ते कळावं म्हणून तिने ती इथे ठेवली होती. इतकी वर्षं मूठ पेंढ्यात खोल रुतून इमानेइतबारे नोकरी करत होती, आणि वरवरची अंडी उचलून नेणाऱ्या ग्रंथपालांच्या हाताला ती कधी लागली नव्हती.

त्यांना हसू आलं. खरोखरीचं, आवाजाचं. ते हसत मान वळवून दाराकडे बघायला लागले, कारण अशी गोष्ट लगेच कुणाला तरी सांगायची असते. दारात कुणी नव्हतं. मग हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना.

मूठ काढून घ्यायला हवी होती. पुस्तक तेच सांगत होतं. त्यांनी ती उचलली, फडक्याने पुसली. कोंबडीच्या उबेने ती अजून गरम होती. आणि मग त्यांनी ती होती तिथेच परत ठेवली. तिने ठेवलेली वस्तू होती.

पुढचे दिवस त्यांनी आपली शिकस्त केली असं ते म्हणाले असते. सकाळी उचलून अंगणात ठेवत. सासूबाई दगडासारख्या जागच्या जागी बसून राहत, मग भानावर आल्यासारख्या उठत आणि सरळ खोक्यात. संध्याकाळी उचलून दांडीवर ठेवत. उजाडता पाहावं तर खोक्यात. लंगडी आणि ठिपकी अंडं घालायला जागा नाही म्हणून दारात उभ्या राहून कटकट करत.

"काका, सुटली का?" बाई स्टुलावरून विचारत.

"नाही अजून."

"खालचं सगळं काढलंत ना? एखादं अंडं राहिलं तरी ती हलायची नाही हां."

"काढलं," ग्रंथपाल म्हणत, आणि तोंड आणखी मिटून घेत.

बाईंनी कुत्र्याच्या पिल्लासाठी घेतलेला तारेच्या जाळीचा पिंजरा भिंतीवरून दिला. पिल्लू आता वासराएवढं झालं होतं. ग्रंथपालांनी तो विटांवर उंच मांडला, सावलीत, बाकीच्या तिघी दिसतील असा. सासूबाईंना आत ठेवलं. त्यांनी जो आक्रोश मांडला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. त्या जाळीवरून या टोकाला जात, त्या टोकाला येत, मान बाहेर काढायला बघत आणि खोक्याच्या दिशेने ओरडत. दातांच्या दवाखान्यातून एका रोग्याने डोकं बाहेर काढून पाहिलं. ग्रंथपाल घरात गेले, खिडकी लावली, कानांवर हात ठेवले. ऊन उतरायच्या आत ते बाहेर आले आणि त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. सासूबाई पंख पसरून धावल्या. क्षणभराने खोक्यातून समाधानाचा कुडुक-कुडुक असा हलका आवाज येऊ लागला. मुठीवर सगळं क्षेम होतं.

महिना संपला तो असाच, कुणाला न सांगता. ग्रंथपालांनी तारखेकडे बघायचं टाळलं, पण टपालवाला सायकलवरून पुढे निघून गेला तेव्हा त्यांना कळलं. न लिहिता लिहिलेलं 'नाही' आता पोचलं होतं. ताईने शब्द दिल्याप्रमाणे राग धरला नसेल. तिने सामान बांधलं असेल. सावत्र मुलाच्या घरी तिला खिडकीजवळची खोली मिळाली असेल, आणि जेवायला बसताना ती विचारत असेल, मी कुठे बसू?

त्यांनी पत्र पुस्तकात घातलं आणि पुस्तक फळीवर ठेवलं. आता त्याचं काही करायचं उरलं नव्हतं. विचित्र म्हणजे हे सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई एकदाही बाहेर आल्या नाहीत. दाणे तसेच, पाणी तसंच. ग्रंथपालांनी खोक्यात हात घातला तर ती घुरघुरली, पण टोचली नाही. टोचायचीही तिला ताकद नसावी. त्यांनी उचलून घेतलं. फुललेल्या पिसांमुळे ती पहिल्याएवढीच दिसत होती, पण हातात वजन म्हणून काही आलं नाही. छातीचं हाड बोटाला धारेसारखं लागलं. तुरा, जो लालभडक असायचा, तो धुऊन धुऊन विटलेल्या फडक्याच्या रंगाचा झाला होता. पुस्तकात हेही होतं. क्वचित एखादी हट्टी कोंबडी बसल्या जागी खंगत जाते. त्यांनी वाचलं होतं. ते आपल्या कोंबडीबद्दल आहे असं मात्र वाटलं नव्हतं.

ती त्यांच्या हातातून मान लांब करून खोक्याकडे बघत होती.

"अगं," ग्रंथपाल म्हणाले, "त्यातून काही निघायचं नाही."

आवाज इतका घोगरा, इतका अनोळखी आला की त्यांनी घसा खाकरला. कितव्या दिवशी आपण तोंड उघडतो आहोत ते त्यांना आठवेना. त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, "काही निघायचं नाही, बाई. उठ आता." कोंबडीला हे कळलं नाही. पण ग्रंथपाल बराच वेळ तसेच उकिडवे बसून राहिले, तिला छातीशी धरून, आणि तिचं उघडं, तापलेलं पोट त्यांच्या सदऱ्यातून भाजत राहिलं.

मग त्यांनी तिला पिंजऱ्यात ठेवलं. खोक्यातला पेंढा सगळा बाहेर ओढला, खोक्याला फळी ठोकली. ठोकताना एक खिळा वाकला आणि एक अंगठ्यावर बसला. मूठ खिशात घातली.

आक्रोश सुरू झाला. या वेळी ते आत गेले नाहीत. स्टूल आणून पिंजऱ्यासमोर बसले. दाण्याची वाटी जाळीतून सरकवली. ती ओरडत होती, ते ऐकत होते. बाईंनी भिंतीवरून डोकं काढलं.

"आज इथंच मुक्काम वाटतं?"

"मी खोटं बोललो होतो," ग्रंथपाल म्हणाले. "खाली मूठ होती. काढली नव्हती."

"कसली मूठ?"

त्यांनी खिशातून काढून दाखवली आणि गोष्ट सांगितली. कामाला लावलीय, इथे आल्यावर बाईंनी भिंतीवर थाप मारली आणि त्या इतक्या हसल्या की स्टूल डुगडुगलं. "काकू म्हणजे काकूच होत्या!" त्या म्हणाल्या. मग हसू आवरून त्यांनी ग्रंथपालांकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच दातांकडे सोडून.

"काका, राग मानू नका. तिच्याइतकंच तुमचंही उतरलंय हो. जेवता काय?"

"पाव."

"आणि?"

ग्रंथपालांनी विचार करून पाहिला. "आणि चहा."

"माझ्याकडे उकडलेले बटाटे आहेत. आणते. नको म्हणाल तर दाढ काढीन."

त्यांनी नको म्हटलं नाही. स्टुलावर बसूनच, मांडीवर ताटली घेऊन त्यांनी बटाटे खाल्ले. पिंजऱ्यात सासूबाई एकदा थांबल्या, त्यांच्याकडे आणि ताटलीकडे नापसंतीने पाहिलं, आणि दोन दाणे टिपून पुन्हा ओरडायला लागल्या.

संध्याकाळी ते मूठ घेऊन मागच्या खोलीत गेले. कपाटाच्या दाराला भोक होतंच. मूठ बसवायला मागून एक स्क्रू लागत होता, म्हणजे दार आधी उघडायला हवं होतं. चमच्याच्या दांड्याने त्यांनी ते उघडलं. वर्षभर कोंडलेला कापडाचा वास आला. तिचा नव्हे, नुसता कापडाचा. या एका गोष्टीला ते घाबरत आले होते, आणि ती गोष्ट कपाटात नव्हतीच. त्यांनी स्क्रू पिळला. मग, दार उघडंच आहे म्हणून, मधला कप्पा रिकामा करायला घेतला. घडी करायची त्यांना सवय नव्हती; पुस्तकं रचावी तसे त्यांनी कपडे कणा बाहेर ठेवून पलंगावर रचले. शिवणयंत्रावरच्या खोळीला हात लावला नाही. एक कप्पा झाला तेवढ्यावर त्यांचे पाय दुखू लागले, आणि ते तिथेच खुर्चीवर टेकले.

सासूबाईंनी पुढे आणखी काही दिवस छळलं. ग्रंथपाल स्टुलावर बसत, वाचून दाखवत. दुसरं काही बोलायला सुचत नसे म्हणून. आरडाओरडा हळूहळू कुरकुरीवर आला. पोटाची कातडी निवली. एका सकाळी त्यांनी वाटी सरकवली आणि तिने ती रिकामी केली, एवढ्यावर न थांबता वाटी उलटी करून खाली पाहिलं. त्यांनी दार उघडलं. ती खोक्यापाशी गेली, फळीला चोच मारली, बाजूने फिरून आली, परत चोच मारली. ग्रंथपालांचा जीव टांगणीला लागला. मग ठिपकीने शेजारी माती उकरली, त्यातून काहीतरी वळवळलं आणि सासूबाई धावल्या. ठिपकीला ढकलून ते त्यांनी स्वतः खाल्लं. आणि मग ऊन लागलेल्या मोकळ्या मातीत लोळल्या, पंख पसरून, पाय झाडत, माती डोक्यावर उडवत, अगदी लाज सोडून.

त्या दिवशी चहाच्या कपाशेजारी पत्र नव्हतं. ग्रंथपाल फळीपाशी गेले, पुस्तक काढलं, पत्र काढलं, पण उघडलं नाही. पाठ झालं होतं. कोरा कागद घेतला. सूचीपत्र नव्हे, चांगला कागद. आता उशीर झालेलाच होता, त्यामुळे नीट लिहायची घाई उरली नव्हती. त्यांनी एकदाच लिहिलं.

"ताई, महिना होऊन गेला. उत्तर आलं नाही म्हणजे नाही असं तू समजली असशील. ते 'नाही' नव्हतं. मला लिहिता येत नव्हतं, एवढंच. तू म्हणतेस तसा मी मुकाच आहे. खोली रिकामी नाही. कपाटाचा एक कप्पा रिकामा केला आहे, बाकीचं माझ्याच्याने होत नाही. तू आलीस तर आपण मिळून करू. तोवर पलंगावर कपडे असतील. घरात खायला फारसं काही नसतं. कोंबड्या चार आहेत, त्यातली एक फार वाईट स्वभावाची आहे, तुझं तिच्याशी जमेल. एव्हाना तू मुलाकडे गेली असशील आणि तिथे बरं वाटत असेल तर राहा. पण बरं वाटत नसेल तर ये. मी दार उघडायला येईन. ये."

शेवटचा शब्द दोनदा झाला होता. त्यांनी तो दोन्ही ठिकाणी राहू दिला.

ताई आता कुठल्या पत्त्यावर असेल ते माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी तेच पत्र दुसऱ्या कागदावर पुन्हा उतरवलं, शब्दाला शब्द, आणि दोन पाकिटं केली: एक पडू घातलेल्या घराच्या पत्त्यावर, एक सावत्र मुलाच्या. दोन्ही मिळाली तर ती हसेल. हसू दे.

टपालपेटी गल्लीच्या टोकाला, चांभाराच्या दुकानासमोर होती. ग्रंथपाल पेटीपाशी उभे राहिले. पाकिटं फटीत अर्धी सरकवली आणि तशीच धरून राहिले. तिकिटं नीट चिकटली आहेत ना? पत्ता वाचता येतो ना? 'वाईट स्वभावाची' हे तिला लागणार तर नाही? चांभार दुकानातून बघत होता.

"अडकली का पाकिटं?" त्याने विचारलं. "फट जरा गंजलीय. दाबून ढकला."

ग्रंथपालांनी दाबून ढकललं. आत, पेटीच्या तळाशी, दोन्ही एकामागून एक पडल्याचा आवाज झाला.

"गेली का?"

"गेली," ग्रंथपाल म्हणाले, चांगलं ऐकू जाईल एवढ्याने.